आरएमएस काका

गल्लीत एखाद्या गाडीतलं गाणं मोठ्यानं वाजायला लागलं की बाकीचे लोक खिडक्या लावून घेतात. आरएमएस काका बाहेर येऊन बॉनेट उघडायला लावतात.

“फ्यूज कितीचा हाय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव, गाव, बाप कोणत्या डिपार्टमेंटला होता, हे सगळं नंतर. गाडीवाला पोरगा मोठ्या अभिमानानं अ‍ॅम्प्लिफायरवर छापलेला वॅटचा आकडा सांगायला जातो, तर काका हातानंच त्याला थांबवतात. छापलेला आकडा त्यांना पुरावा म्हणून चालत नाही. स्टिकर छापणाऱ्याला अ‍ॅम्प विकायचा असतो. फ्यूज टाकणाऱ्याला मात्र आग लागू द्यायची नसते. त्यामुळे फ्यूजवरचा आकडा तेवढा विश्वासाचा, असं त्यांचं शास्त्र आहे.

भिलाईत जी. ई. रोडवरून सुपेल्यात शिरून कोहक्याकडे निघालं की एका गल्लीत त्यांचं घर आहे. त्यांचं खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक असावं, आणि तोही सुरुवातीला ‘आरएमएस’ ऐकून त्यांना रेल्वे मेल सर्व्हिसमधले, म्हणजे आपल्याच खात्यातले समजला होता. गल्लीतली छत्तीसगढी पोरं त्यांना ‘आरएमएस कका’ म्हणतात, दुकानदार ‘आरएमएस अंकल’. या नावात एक तांत्रिक चूक आहे. आरएमएस असतो तो व्होल्टेजचा. वॅट हा सरासरीचा असतो, ‘आरएमएस वॅट’ असं काही नसतंच. हे भिलाईत ज्या मोजक्या लोकांना माहीत आहे त्यांत काका स्वतः एक आहेत, आणि आपल्या टोपणनावातच चूक राहून गेली याचं शल्य त्यांना आहे. पण लोकांना हे समजावून सांगायचं तर आधी साइन वेव्ह समजावावी लागते, आणि तेवढा वेळ उभं राहणारा माणूस अजून मिळालेला नाही.

रायपूर-बिलासपूरकडची जुनी मराठी घराणी नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ आली. भिलाईची मराठी माणसं आली ती पोलादाच्या पाठोपाठ. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि मग गोंदिया, भंडारा, नागपूर अशा गावांमधून आयटीआयचे दाखले घेऊन पोरं येत राहिली. काका त्यातल्या पुष्कळ पुढच्या तुकडीतले. नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. भट्टीतून बाहेर पडणारं लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास असतं, त्यात बोट बुडवून अंदाज घेता येत नाही. थर्मोकपल सांगेल ते तापमान. आणि थर्मोकपल खरं सांगतंय की नाही, हे सांगायला काका. अशी सगळी हयात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं, कोहक्यात घर झालं, आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की घरात मोजण्यासारखं काही नाही.

मग जे सापडेल ते मोजणं सुरू झालं. दुधाला लॅक्टोमीटर लागला. गॅसचा सिलिंडर रिकामा आणि भरलेला असा दोनदा वजनाला लागला, 14.2 किलोचा हिशेब जुळेपर्यंत तो आणणारा माणूस दारात उभा. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागून घेण्याचा ग्राहकाला हक्क असतो. तो हक्क वर्षानुवर्षं वापरावाचून पडून होता, तो काकांनी एकट्यानं वापरून काढला. त्यांची जुनी मारुती 800 पंपाकडे वळताना दिसली की तिथला पोरगा आपण होऊन माप काढून ठेवतो.

अशात कोणा भाच्याच्या गाडीतला स्वस्तातला अ‍ॅम्प दुरुस्तीला म्हणून घरी आला. त्याच्यावर लिहिलेले वॅट काकांनी वाचले, मागचा फ्यूज पाहिला, आणि दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले. काकू सांगतात, त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा चहा मागितला.

तेव्हापासून जगाची त्यांनी दोन खात्यांत वाटणी केली आहे: पीएमपीओ, म्हणजे फुगवलेलं, आणि आरएमएस, म्हणजे खरं. ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन विकत घेतला असेल त्यांना पीएमपीओ आठवत असेल. हजार वॅट पीएमपीओ असं चंदेरी अक्षरात लिहिलेलं असायचं, आणि त्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर पाहावा तर 12 व्होल्ट, एक अ‍ॅम्पिअर. म्हणजे आत जाणार बारा वॅट. पीएमपीओ कसा मोजायचा याचं सर्वमान्य माप कुठेच नव्हतं, त्यामुळे तो ज्याच्या त्याच्या हिमतीवर असायचा. काकांना ही संज्ञा फार सोयीची वाटते. जावयाचं पॅकेज कोणी वर्षाला अठरा लाख सांगितलं की काका विचारतात, “हे सीटीसी न? म्हंजे पीएमपीओ. हातात किती येते ते सांग.” लग्नाच्या बायोडेटातली उंची पीएमपीओ. निवडणुकीच्या सभेची गर्दी पीएमपीओ. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अहवालात ‘कार्यक्रमास उदंड प्रतिसाद’ असं छापून आलं की काका सभेत उठून खुर्च्या किती होत्या ते विचारतात. मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांना आजवर घेतलेलं नाही.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्यातलं एक टेबल. त्यावर भंगारवाल्याकडून आणलेला ठाण्याच्या अपलॅब कंपनीचा जुना ऑसिलोस्कोप, एक बऱ्यापैकी मल्टिमीटर, आणि त्या मल्टिमीटरवर नजर ठेवायला दुसरा मल्टिमीटर. साधे मीटर 50 हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेले असतात, हजार हर्ट्झला त्यातले पुष्कळ मीटर मनाला येईल ते दाखवतात. म्हणून कोणी आपला मीटर घेऊन आला तर आधी त्या मीटरचीच तपासणी होते आणि अ‍ॅम्पची पाळी दुसऱ्या दिवशी येते. स्पीकर मात्र टेबलावर नाही. स्पीकरच्या जागी प्लॅस्टिकची पंधरा लिटरची बादली आहे.

बादलीचं असं आहे की, अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीनं चालवायचं तर त्याच्यावर तेवढा भार हवा, आणि स्पीकर जोडला तर एक तर तो जळेल किंवा शेजारी येतील. काकांनी शेगडीची कॉइल आणली. 230 व्होल्टवर हजार वॅट ओढणारी कॉइल साधारण त्रेपन्न ओहमची असते. तिचा तेरावा हिस्सा कापला की चार ओहम झाले, म्हणजे गाडीतल्या स्पीकरइतके. हा तुकडा बादलीतल्या पाण्यात बुडवला की तो तापून आपला ओहम बदलत नाही. अ‍ॅम्पला वाटतं आपण स्पीकर वाजवतो आहोत; प्रत्यक्षात तो पाणी तापवत असतो.

राहिली वीज. गाडीची बॅटरी नुसती असली तर बारा-साडेबारा व्होल्ट देते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती चौदाच्या वर नेतो, आणि अ‍ॅम्प मोजायचा आंतरराष्ट्रीय शिरस्ता 14.4 व्होल्टचा आहे. तेव्हा मारुती 800 व्हरांड्याला लागून उभी करायची, वायर खिडकीतून आत घ्यायची, आणि इंजिन एका ठरावीक वेगानं चालू ठेवायचं. ही जबाबदारी काकूंची. त्या ड्रायव्हरच्या सीटवर ताट मांडीवर घेऊन बसतात, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि दोन्ही हातांनी लाल भाजी निवडतात. काका आतून ओरडतात, “चौदा पॉइंट चार!” काकू मान वर न करता पाय जरासा दाबतात. त्यांच्यापुढे मीटर नसतो. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना व्होल्ट कळतात. एकदा काका आत मीटरशी झटापट करत असताना त्या बाहेरूनच म्हणाल्या, “अहो, तेरा आठच्या वर जाणार नाही आज. पट्टा ढिला झालाय.” काकांनी मीटर पाहिला. 13.8. पट्टा आवळल्यावर पुन्हा मोजणी. या प्रसंगाची काकांच्या वहीत नोंद आहे, पण ‘बेल्ट स्लिप, दुरुस्त केला’ एवढीच. निदान कोणी केलं ते लिहिलेलं नाही.

गल्लीत अजून ज्याची गोष्ट निघते तो पोरगा पंचवीसशे वॅटचा अ‍ॅम्प घेऊन आला होता. साडेतीन हजार रुपयांना घेतलेला, काळा कुळकुळीत, वर सोनेरी अक्षरांत 2500, आणि त्याच्याभोवती ज्वाला काढलेल्या. बातमी आधीच पसरली होती. पंचवीसशे वॅट आज पूर्ण ताकदीनं चालवणार म्हणून आठ-दहा पोरं फाटकाशी जमली. दोघांनी कानात कापूस घातला होता. समोरच्या वहिनींनी काचेची भांडी ओट्यावरून खाली उतरवली.

काकांनी अ‍ॅम्प उलटा केला. “पंचवीसचा एक फ्यूज. पंचवीस गुणिले चौदा पॉइंट चार, तीनशे साठ. आत जाऊन रायले तीनशे साठ वॅट, अन् बाहेर निघून रायले पंचवीसशे? मंग याले डिक्कीत काऊन ठेवतं? प्लँटले दे. देशाचं भलं होईल.”

“फेर लिखे त हे, कका,” पोरगा म्हणाला.

काकांनी पाटीवर हिशेब मांडला. असा अ‍ॅम्प आत घेतलेल्या विजेतली साठेक टक्के बाहेर देतो, बाकीची आपल्याच अंगात तापवून घालवतो. पंचवीसशे बाहेर हवे असतील तर एकेचाळीसशेच्या वर आत पाहिजेत, म्हणजे बॅटरीतून दोनशे नव्वद अ‍ॅम्पिअर. एवढ्या करंटवर जाडजूड प्लेटी वेल्ड होतात, हे भिलाईतल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. अ‍ॅम्पसोबत आलेली वायर मात्र करंगळीहून बारीक होती. पोरगा वायरकडे पाहत राहिला. फाटकाशी कुजबुज झाली.

मग मोजणी. मोबाइलमधून एक हजार हर्ट्झचा सूर आत सोडला. स्कोपच्या हिरव्या पडद्यावर लाट उभी राहिली. काका बटण केसभर केसभर फिरवत गेले, लाट वाढत गेली, आणि एका क्षणी तिचे शेंडे बसले. “थांब! डोंगराचं पठार झालं.” शेंडा बसलेला डोळ्याला दिसला की आवाजात एखाद-दोन टक्के खोट आलीच, असा त्यांचा हिशेब. बटण जरासं मागं. मीटरवर 21.9 व्होल्ट. त्याचा वर्ग, भागिले चार.

“एकशेवीस,” काका म्हणाले.

फाटकाशी जमलेल्या पोरांना हे काही पटलं नाही, पण त्यांची तक्रार वेगळीच होती. एवढा वेळ झाला तरी आवाज कुठे होता? मारुतीचं इंजिन तेवढं घुरघुरत होतं, आणि काकूंच्या ताटात देठ पडत होते. भिलाईतला सगळ्यात दणदणीत म्हणून आणलेला अ‍ॅम्प पूर्ण ताकदीनं चालू होता आणि गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या. “कका, आवाज कहां हे?” कापूस काढत एकानं विचारलं. काकांनी बादलीकडे बोट दाखवलं.

पोरगा काही मानायला तयार नव्हता. मीटर चुकत असेल, बादली चुकत असेल. तेव्हा काकांनी त्याला विचारलं, घरी आंघोळीचं पाणी कशावर तापवता? रॉडवर. रॉड कितीचा? पंधराशेचा. पाणी किती वेळात तापतं? वीस मिनिटांत. “बराबर. पंधरा लिटर पाणी, पंधराशे वॅट, वीस मिनटं. साडेअठ्ठावीस डिगरी चढते. तुझा अ‍ॅम्प तर रॉडच्या वरचा हाय. वीस मिनटं चालवू. पाणी अठ्ठेचाळीस डिगरी चढलं पायजे. चढलं तर मी तुले पेढे देतो.”

मला विचाराल तर भिलाईत झालेला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे. रेल मिलमध्ये काय काय होत असेल ते असो. टेबल फॅन अ‍ॅम्पवर लावला, काचेचा थर्मामीटर बादलीत सोडला, काकूंना आणखी एक जुडी निवडायला दिली. वीस मिनिटं कोणी हललं नाही. संपल्यावर काकांनी थर्मामीटर न वाचता पोरालाच म्हटलं, हात घाल. त्यानं आधी बोट घातलं, मग मनगटापर्यंत हात.

“पानी त जुड़ हे, कका.”

पाणी सव्वादोन अंश चढलं होतं. चढणार तेवढंच, एकशेवीस वॅटला पंधरा लिटर पाणी एक अंश चढवायला पावणेनऊ मिनिटं लागतात. अ‍ॅम्प मात्र असा तापला होता की त्याला हात लावता येत नव्हता. ज्वाला काढल्या होत्या त्या अगदीच खोट्या नव्हत्या, असं काकू म्हणाल्या.

गाडीतल्या डेकवरही हीच गंमत असते. ‘50 वॅट × 4’ असं जवळजवळ प्रत्येकावर लिहिलेलं असतं. हा पन्नासचा आकडा कोणाच्या स्वप्नात आलेला नाही. 14.4 चा वर्ग केला आणि चारानं भागला की 51.8 येतात. म्हणजे डेकनं गाणं सोडून नुसती चौकोनी घरघर केली, आणि ट्रान्झिस्टरमध्ये एक थेंबही वीज वाया गेली नाही, तर पन्नास. गाण्यासारखं गाणं वाजवायचं तर गणितानंच सव्वीसच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात अठरा-वीस मिळतात. शिवाय मागे फ्यूज दहाचा. दहा गुणिले 14.4 म्हणजे एकशे चव्वेचाळीस आत, आणि चार गुणिले पन्नास म्हणजे दोनशे बाहेर. हा हिशेब काका कुठल्याही गाडीत बसल्या बसल्या सांगतात. त्यामुळे नातेवाईक त्यांना शक्यतो मागच्या सीटवर बसवतात.

अमेरिकेत घरातल्या अ‍ॅम्पसाठी 1974 सालीच सरकारनं नियम केला की वॅट कसे मोजले ते सांगूनच जाहिरात करा. गाडीतले अ‍ॅम्प त्यातून सुटले, आणि सुटले ते असे सुटले की पुढे कंपन्यांच्याच संघटनेला लाज वाटून एक माप ठरवावं लागलं: 14.4 व्होल्ट, चार ओहम, एक टक्का विकृती. त्याचं मूळ नाव सीईए-2006, पण निघालं 2003 साली. 2006 हा नुसता क्रमांक आहे. मापाच्या नावातसुद्धा तीन वर्षं वाढीव, यावर काका खूप हसतात. हे माप पाळायची सक्ती कोणावरच नाही. कोहक्यात तर नाहीच. तरी काकांनी या अटी पुठ्ठ्यावर लिहून व्हरांड्यात टांगल्या आहेत, आणि खाली लाल शाईत ‘उधारी नाही’ असं आहे. ते का, हे कळत नाही, कारण काका पैसेच घेत नाहीत.

एवढं सगळं करून या माणसानं बाजारावर काय परिणाम केला? केला तर. आसपासच्या एका दुकानात पाटी लागली: ‘आरएमएस अंकल से टेस्टेड’. टेस्टमध्ये किती निघाले याचा उल्लेख नाही. काका भांडायला गेले. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना ‘हेच ते’ म्हणून दाखवलं. त्या संध्याकाळी विक्री बरी झाली म्हणतात. पुढे तर स्टिकरवरच ‘2500 वॅट आरएमएस’ असं छापून यायला लागलं. तेव्हा मात्र काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. कोणी आपली खोटी सही करावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

धुमालवाल्यांशी, म्हणजे वराती-मिरवणुकांत वाजवणाऱ्या बँडवाल्यांशी, त्यांचं नातं जरा गुंतागुंतीचं आहे. लग्नाची वरात किंवा विसर्जनाची मिरवणूक गल्लीत शिरली की काका फाटकाशी डेसिबल मीटर घेऊन उभे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. हे ते पाठ म्हणून दाखवतात, आणि धुमालमध्ये ते कोणालाच ऐकू जात नाही. पण धुमालवाल्यांबद्दल त्यांच्या मनात एक प्रकारचा आदरही आहे. कारण त्यांच्याकडे जनरेटर असतो. “कमीत कमी डिझेल तर जाळून रायले,” काका म्हणतात. “फुकटचे वॅट नाही हायेत.” सीझनच्या आधी तेच धुमालवाले रात्री हळूच अ‍ॅम्प घेऊन येतात आणि काका त्यांचे अ‍ॅम्प मोजून देतात, जळका चॅनल कोणता ते सांगतात. सीझनला पुन्हा फाटकाशी उभे. दोन्ही बाजूंना यात काही वावगं वाटत नाही.

पंचवीसशेवाला पोरगा पुढच्या आठवड्यात आला. अ‍ॅम्प परत केला असेल म्हणून काकांनी विचारलं, तर तो डिक्कीत बसवूनही झाला होता. “एक सौ बीस म घलो डिक्की हालत हे, कका,” तो आनंदानं म्हणाला. आणि त्याचं काही चुकत नव्हतं. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो, जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. काकांनी त्याला बसवून सांगितलं की अजून मोठा अ‍ॅम्प घेऊ नको. तेवढ्याच वॅटवर तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर घेतलास तर अ‍ॅम्प फुकटात दुप्पट झाल्यासारखा आहे. आणि बटण पठारापर्यंत फिरवू नको, चपट्या लाटेनं आधी ट्वीटर जळतात. पोरानं सगळं ऐकून घेतलं. ज्वालांचं स्टिकर मात्र त्यानं आता मागच्या काचेवर लावलं आहे.

काकांच्या आयुष्यात खरं बोलणारा अ‍ॅम्प एकदाच आला. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात जुन्या हॉर्न आणि वायपरच्या ढिगात पडला होता. जड, करडा, कोपरे घासलेले, आणि वर लिहिलेलं फक्त ‘50 + 50’. एवढे कमी वॅट कोण घेणार म्हणून विकणाऱ्यानं तो ढिगाच्या तळाशी टाकला होता. काकांनी घरी आणून मोजला. 15.2 व्होल्ट. म्हणजे अठ्ठावन्न. त्यांनी मीटर बदलला, अठ्ठावन्न. काकूंना व्होल्ट पुन्हा विचारले, दुसरा चॅनल लावला, पुन्हा तेच. लिहिल्यापेक्षा आठ जास्त. काका चष्मा काढून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, “याले बनवणारा माणूस रिटायर झाला असंल.”

तो अ‍ॅम्प त्यांनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवला होता. काकूंनी तो काढायला लावला. इतकी वर्षं मारुतीत बसून पाय दुखवला, गाणं एक ऐकलं नाही, हे त्यांनी जरा वरच्या पट्टीत सांगितलं तेव्हा तो मारुतीत बसला, दारांत दोन स्पीकर आले. आता मोजणी नसली तरी काकू संध्याकाळी गाडीत बसून भावगीतं ऐकतात. काकांना राहवलं नाही. एक दिवस त्यांनी खिडकीतून मीटरच्या दोन तारा स्पीकरला लावल्या. गाण्याच्या भरात 1.4 व्होल्ट. वहीत त्या तारखेला नोंद आहे: ‘काकू, भावगीत, अर्धा वॅट. तक्रार नाही.’

कोणाला आपला अ‍ॅम्प मोजून घ्यायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर जावं. जोडीचा फ्यूज स्वतःचा न्यावा, बादलीला हात लावू नये, आणि छापलेला आकडा विचारल्याशिवाय सांगू नये. जाण्याआधी काकू घरी आहेत ना ते मात्र विचारून घ्या. त्या रायपूरला माहेरी गेल्या असल्या तर मोजणी बंद असते, 14.4 येत नाहीत.